सापुताऱ्याचा उतार

सुरतेत चढ नाही. अख्खं शहर परातीसारखं सपाट, आणि मला शिकायचं होतं घाट चढायला.

पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशातली. नवरात्रात वणीच्या गडावरून ज्योत आणायची. पोरांनी मशाल आळीपाळीने हाती घेऊन पळायचं, ती विझू न देता थेट सुरतेपर्यंत. मशाल धरायला फक्त बारा जण. बाकीच्यांनी मागच्या टेम्पोत बसून तेल घालायचं. नव्वदीच्या दशकातल्या त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो आणि बारांत यायचंच म्हणून इरेला पेटलो होतो. तोवर माझं धावणं म्हणजे सिटी बसच्या मागे, आणि तीही बहुधा सुटायचीच.

तालीम आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतली. तरुणपणी ते गावाहून ज्योतीबरोबर गेले होते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. रंगाईच्या मिलमधून रात्रपाळी करून यायचे तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत जांभळे नाहीतर हिरवे असायचे. चहा घेतला की मला सायकलवर डबलसीट घेऊन तापीच्या पुलावर. पुलाला जो काय थोडा चढ, तोच आमचा घाट. मी पळत वर जायचं, चालत खाली यायचं, पुन्हा पळत वर. आबा मागून सायकलवर. घंटी वाजली की जीव खाऊन धावायचं, पुन्हा वाजली की हळू. पहिल्या आठवड्यात चौथ्या फेरीलाच मी कठडा धरून ओकलो.

"हाऊ चढ शे का रे? हाऊ तं उंबरा शे!" आबा ओरडले. "घाट तं देखाच नई तू अजून."

दोन महिन्यांनी तोच चढ मला खरंच उंबऱ्यासारखा वाटायला लागला. निवडीच्या दिवशी मंडळाच्या तिरसट प्रमुखाने सायकल दामटली. तिच्याबरोबर टिकेल तो बारांत. मी टिकलो. आबा त्या दिवशी मिलला जाताना गल्लीच्या टोकापर्यंत घंटी वाजवत गेले.

पहाटे गडावर मशाल पेटली. आबा तेलाचा डबा घेऊन टेम्पोत बसले. सापुताऱ्याचा चढ माझ्या वाट्याला आला आणि तो मी असा चढलो की टेम्पोच मागे राहिला. शिंगं फुटली मला. माथ्यावर पुढचा गडी मशालीसाठी हात पुढे करून उभा होता. "आता उतार तर आहे!" म्हणत मी त्याला तसाच मागे टाकला.

पण पुलावरून मी रोज चालत उतरलो होतो. दुसऱ्याच वळणावर मांड्या थरथरायला लागल्या, गुडघे ऐकेनात, मशाल कलली. तेवढ्यात मागून येऊन गाठलेल्या टेम्पोतून उडी मारून आबांनी ती माझ्या हातातून घेतली. चपला रस्त्यातच भिरकावल्या आणि पंचेचाळिशीतला तो माणूस तोकडी पावलं टाकत उतारावरून धावत सुटला.

मला कुणीतरी टेम्पोत ओढून तेलाचा डबा हातात दिला. टेम्पो चालवणारे काका आबांच्याच गावचे, तरुणपणी त्यांच्यासोबत ज्योतीला गेलेले. ते हसले. "त्या साले बी तुना बाप तेलच टाकत व्हता. त्याना हातमा ज्योत काही उनी नई."

मला आधी रागच आला. म्हणजे आबांच्या हाती मशाल कधी आलीच नव्हती, त्यांचा घाट टेम्पोतून पाहिलेला! चढावर गाडी कण्हते, उतारावर आपसूक जाते. म्हणून त्यांनी मला फक्त चढच शिकवला. मग पुढे बघितलं. वळणामागून वळण आबा थांबत नव्हते, आणि जांभळ्या हातांतली मशाल सरळ होती. मला रडू आलं. मी डब्याकडे तोंड करून बसलो.

सुरतेत ज्योत पोचली तेव्हा बायका ओवाळायला उभ्या होत्या. ज्योत घाटातून कुणी उतरवली, असं कुणीतरी विचारलं.

"मना पोऱ्यानी," आबा पटकन म्हणाले.

मी ते कौतुक घेतलं, त्या दिवशी आणि पुढेही कितीतरी वर्षं. आबा आता नाहीत. म्हणून निदान इथे लिहून ठेवतो: सापुताऱ्याचा उतार माझे वडील धावले. अनवाणी. आणि ज्योत विझली नाही.