निळा थेंब

माझ्या भावाच्या नातीला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो. तिची जीभ आणि पाय कधी एका जागी थांबलेच नाहीत. लहानपणी माझ्या तालमींना येऊन ती विंगेत बसायची आणि माझे संवाद माझ्याआधी म्हणायची. प्रॉम्प्टर हात जोडून म्हणायचा, "बाई, एक तर हिला घरी ठेवा, नाहीतर मला." ही भिंगरी कवळ्या बनवायचं शिक्षण घ्यायला परदेशी गेली. निघताना माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आत्याआजी, तुझी पुढची कवळी मी करणार. तोवर हीच जपून वापर."

आणि तिचा फोन आला तेव्हा पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. रंगमंचावर मी नाना तऱ्हांची रडणी रडले, पण असा श्वास मला कधी जमला नाही.

"आत्याआजी, मला परत बोलाव," एवढंच ती म्हणाली. मग हळूहळू सगळं सांगितलं.

ती राहत होती ते घर एका प्लंबरचं. त्याची बायको शहरातली बस चालवायची. मूलबाळ नव्हतं, वरची खोली रिकामी होती, म्हणून विद्यार्थी ठेवायचा ठरवला. भिंगरी त्यांना काका-काकू म्हणू लागली. त्यांना त्याचा अर्थ कळत नव्हता, पण हाक मारली की ओ द्यायचे. त्यांचं बोलणं तिला बरंचसं समजायचं. स्वतः बोलायची वेळ आली, की नुसती मान हलवून वेळ मारून न्यायची.

पहिल्याच दिवशी काकूने बाथरूमबाहेरची टोपली दाखवली. सगळ्यांचे कपडे त्यात टाकायचे, स्वयंपाकघरातल्या मशीनमध्ये एकत्र धुतले जातात. भिंगरीने मान डोलावली. दुपारी कॉलेजातून आली तर मागच्या अंगणात काका कपडे वाळत घालत होते. काकूची बसवरची पाळी उशिरा संपायची, म्हणून ते काम काकांचं. बायकोचा एकेक आतला कपडा झटकून, शीळ घालत, ते चिमटे लावत होते.

भिंगरीचे कान तापले. उद्या हा परका माणूस आपले कपडे असेच झटकणार! आमच्याकडे मुली टॉवेलखाली लपवून वाळत घालतात ते. ती टोपलीत दिखाव्यापुरता एखादा मोज्यांचा जोड टाकायची. बाकी सगळं बेसिनमध्ये धुवायची. कुणाला आवाज जाऊ नये म्हणून नीट पिळायचीही नाही. खोलीत पलंगामागे दोरी बांधून तिथे लटकवायची. खाली पसरलेली प्लास्टिकची पिशवी केव्हाच सरकली होती, ते तिने पाहिलंही नाही.

त्या लाकडी जमिनीखाली स्वयंपाकघर होतं.

काही दिवसांनी छतावर डाग उमटला. मग टपकन थेंब पडला, तोही निळसर. काकांनी तो बोटावर घेतला, नखाने घासला आणि त्यांचा चेहरा उतरला. "तांब्याचा पाइप सडतोय," ते म्हणाले. त्यांच्या धंद्यात निळं-हिरवं पाणी दिसलं की माणूस पहिल्यांदा तांब्याकडेच बघतो.

त्यांनी पाइप बदलला. थेंब पडतच राहिला. सांधे नवे केले, तरी थेंब. मग छत फोडलं. चहाच्या टेबलावर चुन्याचा ढीग, वर काळं भोक आणि खाली पातेलं. काकू बसवरून येऊन त्या भोकाखाली उभी राहिली. "वा! शहरभरच्या गळत्या बंद करून फिरतो आणि मला घरात छत्री धरून चहा करायला लावतो. तुझ्या गाडीवरची पाटी तरी पुसून टाक."

काका हसले नाहीत. त्यांच्याबरोबर काम करणारे दोघे येऊन, वर बघून, माना हलवून गेले होते. शेवटी काकांनी साऱ्या घराचं पाणीच बंद केलं आणि स्टुलावर बसून वर बघत राहिले.

टप.

"पाणी बंद आहे," ते म्हणाले. "मग हे येतंय कुठून?" त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं.

दारात उभ्या भिंगरीला त्या क्षणी कळलं. सकाळीच तिने रंग सोडणारी ती नवी निळी सलवार पुन्हा धुतली होती.

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात फोन वाजला. विद्यार्थ्यांची सोय लावणाऱ्या संस्थेतली बाई होती. काका म्हणाले, "नाही, अजून सापडली नाही. हो, समजतंय मला. ओलं घर विद्यार्थ्याला देता येत नाही." मग भिंगरीकडे न बघता काकूला म्हणाले, "दुसरं कुटुंब नाहीये त्यांच्याकडे. शनिवारपर्यंत गळती थांबली नाही तर पोरीला परत पाठवणार."

"अगं, मग सांग की त्यांना!" मी फोनवर ओरडले.

"काय सांगू? त्यांनी घर फोडलंय माझ्यापायी! कळलं तर शनिवारचीही वाट बघणार नाहीत. आणि नाही सांगितलं तरी जायचंच आहे. गप्प निघून जाते, आत्याआजी. निदान लाज तरी राहील."

"आणि तो माणूस? तो जन्मभर त्या भोकाकडे बघत बसेल, त्याचं काय?"

"मला त्यांच्या भाषेत बोलताच येत नाही गं."

मी म्हटलं, "भिंगरे, ऐक. भर प्रयोगात माझे शब्द गेले होते, तेव्हा मी टेबलावरचा तांब्या उचलला आणि समोरच्याच्या हातात दिला. पुढचं त्याला समजलं. जीभ चालत नसली तर हातात वस्तू घे. जा खाली."

पुढचं तिने नंतर सांगितलं. ती ओली सलवार घेऊन जिना उतरली. काका शिडीवर चढून भोकात डोकं घालून बसले होते, काकू बटाटे सोलत होती. भिंगरीने पातेल्यावर सलवार धरली आणि पिळली. निळी धार पडली.

काका शिडीवरून उतरले. पातेल्यात बघितलं, सलवारीकडे बघितलं, वर बघितलं. "मशीन आहे ना घरात," ते अगदी हळू म्हणाले. "का?"

"वाळत... तुम्ही घालता," भिंगरी म्हणाली. तिचं त्या भाषेतलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

काकूच्या हातातला बटाटा पडला. काकांचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला. कोट न घालताच ते बाहेर पडले आणि मागे दार आपटलं.

भिंगरी वर जाऊन बॅग भरू लागली. कपडे ओलेच कोंबले. तिला अडवायला कुणी आलं नाही. जेवायची वेळ टळली. मग जिन्यावर पावलं वाजली, बाथरूममध्ये ड्रिल सुरू झालं. ती बॅगेवर बसून ऐकत राहिली. तिला वाटलं, आता बाथरूमही फोडताहेत.

आवाज थांबला तेव्हा तिने डोकावलं. टबावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तांब्याचा पाइप आडवा बसवला होता. काढून टाकलेला, मुळात धडधाकट असलेला तोच पाइप. वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी सरळ टबात गळेल असा. दाराला आतून नवी कडी. काका स्क्रू आवळत होते. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. हत्यारं गोळा केली आणि खाली गेले.

छतातल्या भोकातून तिला त्यांचा आवाज ऐकू आला. ते फोनवर होते. "सापडली गळती. माझ्याच घरातली होती, पाइपातली नाही. पोरगी राहतेय."

मग काकूचा आवाज, भोकाच्या अगदी खालून. "पोरी, खाली ये! बटाटे थंड होताहेत! आणि ती निळी वस्तू तिथेच ठेवून ये!"

भिंगरीने बॅग उघडली. एकेक ओला कपडा पाइपावर टाकला आणि कडी आतून लावून तिथेच खाली बसून पोटभर रडली. मला फोन केला तेव्हाही नाक चोंदलेलंच होतं.

"काका अजून बोलत नाहीत माझ्याशी," ती म्हणाली.

"जेवायला वाढतात?"

"वाढतात."

"मग राहा तिथेच," मी म्हटलं. "माझी कवळी हलायला लागलीय."