ज्याच्या घरी नाही तो आधी

"सरका मॅडम. तुमच्यानं होऊन नाई राह्यलं."

नववीतला पोरगा. संस्थेच्या अध्यक्षाचा. कारंज्यात त्यांचं कापडाचं दुकान, घरी कम्प्युटर. शाळेत कम्प्युटर नुकताच आलेला, माउस माझ्या हातात, आणि पडद्यावरचा बाण काही केल्या जागेवर थांबेना. वर्ग फिदीफिदी हसला.

दारातून मुख्याध्यापक म्हणाले, "करू द्या ना त्याले. तुमच्या घरी टीव्ही तरी होता का, मॅडम?"

नव्हता. माझा बाप हायवेवरच्या ढाब्यावर भांडी घासायचा. मी सरकले. कान तापले होते.

मग तीच पद्धत पडली. मी पुस्तकातून सांगायचं, त्यानं चालवायचं. पुढच्या बाकांवर घरी कम्प्युटर असलेली पोरं, दर तासाला मला नवं काही विचारून अडवणारी. मागे खाली बसलेले बाकीचे. त्यांनी नुसतं बघायचं. रविवारी मी बसनं वर्ध्याला जायची, कॉलेजच्या पोरांत बसून शिकायची. परतताना उभ्या उभ्या डोळे मिटायचे. घरी आलं की लोडशेडिंग. तरी शिकले. पण शाळेतली खुर्ची त्याचीच राहिली.

शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. आदल्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "ज्याले येते त्यालेच बसवा. बाकीचे मैदानात."

वर्गात जाऊन मी तसं सांगितलं. मागची एक पोरगी उठली. आईबाप दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणारे. हात फ्रॉकला पुसत म्हणाली, "हात धुऊन आली तं चालन का जी, मॅडम?"

माझ्या बापाचे हात भांडी घासून पांढरेफटक पडलेले असायचे. तेच हात तो शेठसमोर पाठीमागे लपवायचा. मला फार राग आला. सगळ्यात जास्त स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी मी कोणालाच मैदानात पाठवलं नाही. साहेब आले. अध्यक्षाचा पोरगा सवयीनं खुर्चीकडे निघाला.

"खाली बस," मी म्हटलं. "तुले येते. आता तिले शिकू दे."

कालची ती पोरगी खुर्चीवर बसली आणि कीबोर्डवर स्वतःच्या नावाची अक्षरं शोधत राहिली. पोरं हसली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी तिचा हात धरून दाखवलं नाही, तिचं तिला शोधू दिलं.

मुख्याध्यापकांनी बाहेर बोलावलं. "पुढच्या वर्षी हा तास तुमच्याकडं राह्यणार नाई."

"नका ठेवू. आज माझा आहे."

तो तास त्यांनी खरंच काढून घेतला. मी भांडून भांडून परत मिळवला. थकले आहे. पण माझ्या वर्गात त्या खुर्चीवर ज्याच्या घरी नाही तो आधी बसतो. आणि मी सरकत नाही.