रुबीनाचं बंद दार

रुबीना माझ्या घरातला तांब्या उचलायच्या आधीसुद्धा विचारायची, "आजी, घेऊ का?" पोरींना काही विचारायचं झालं की आधी म्हणायची, "सांगायचं तर सांग, जबरदस्ती न्हाई." दिवसभर हेच ऐकून माझं डोकं उठायचं.

ती हिंगोलीची. बाप शिंपी. शिकून संशोधनाच्या कामाला लागली आणि हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात माझी पुढची खोली भाड्याने घेतली. काम काय, तर तरण्या पोरींना विचारायचं: पाळीचा त्रास झाला, खालच्या अंगाचं दुखणं झालं, दिवस जाऊ नयेत असं वाटलं, तर दवाखान्यात जाता का? जात नसाल तर काहून? मी म्हटलं, "बाई, हे इचारायला एवढी शिकलीस?"

"आजी, तुमाला तरुणपणी कुणी इचारलं होतं का?"

कुणी विचारलं नव्हतं. पण ते तिला कशाला सांगू? मी चुलीकडे वळले.

पोरगी आली की रुबीना दार लावून घ्यायची. आमच्या गल्लीत दिवसा कुणी दार लावत नाही. लावलं की बाया साखर मागायच्या निमित्ताने येऊन कान देतात.

"दार उघडं ठेव," मी म्हणायची.

"उघडं ठेवलं तर ती बोलंल कशी?"

"आन लावलं तर येईल कशी?"

हे भांडण रोजचं. शेवटी पोरींचं येणं थांबलं. रुबीना खोलीत एकटी बसायची, पण हट्ट सोडीना.

मार्ग काढला वंदनाने. शेजारच्या कुसुमची ही एकोणीस वर्षांची लेक, लग्न ठरलेलं. एके दुपारी सुपात हळद घेऊन माझ्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "ताई, निवडू लागता का?" दोघी माना खाली घालून, हळू आवाजात बोलत हळकुंडं निवडत बसल्या. रस्त्याने अख्खा बाजार गेला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मी उंबऱ्यात होते, मलाही काही ऐकू आलं नाही. मग सगळ्याच पोरी सुपं घेऊन येऊ लागल्या. माझा ओटा पिवळा झाला. घासत बसले मी.

पुढे वंदना रुबीनाबरोबर हिंगोलीच्या दवाखान्यात गेली. गावच्या दवाखान्याचं बाकडं जीपथांब्याच्या तोंडावर. तिथं बिनलग्नाची पोरगी बसली की बातमी जीपच्या आधी घरी पोचते. घरी सांगितलं, लग्नाची ब्लाउजं रुबीनाच्या बापाकडे शिवायला टाकायची आहेत. पण हिंगोलीच्या दवाखान्यातही कुणीतरी पाहिलंच.

कुसुम धावत माझ्याकडे आली. "मावशी, दिवस तर न्हाई ना गेले पोरीला? सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर लग्न मोडंल."

मी रुबीनाला धरलं. "काय झालं होतं तिला?"

"आजी, ते वंदनाचं हाय. तिलाच इचारा."

"माझ्या घरात राहतीस, माझा ओटा पिवळा करतीस, आन मलाच चोरी?"

"तुमचं काही मला कळलं असतं आन मी कुसुमकाकूला सांगितलं असतं, तर चाललं असतं?"

मी तिच्याशी बोलणंच टाकलं. कुसुमने गल्लीसमोर तिला नाही नाही ते सुनावलं. रुबीनाने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच, "काकू, तिलाच इचारा." शेवटी कुसुमने लेकीला विचारलं. वंदना म्हणाली, "दिवस गेले न्हाईत. दुखणं होतं, इलाज झाला. जास्त इचारू नको." लग्न ठरल्या तिथीला लागलं.

काम संपल्यावर रुबीना पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "आजी, निघू का?"

"नीघ. जबरदस्ती न्हाई," मी म्हटलं. ती हसली. मी नाही हसले.

यंदा वंदना माहेरी आली, माझ्या ओट्यावर हळद निवडत बसली आणि आपणहून मला सगळं सांगितलं. कुसुमला त्याचा वास लागलाय. येता-जाता विचारते, "मावशी, तुमाला म्हाईत हाय. सांगा ना."

"लेक तुझी हाय. तिलाच इचार."

तिला राग येतो. येऊ दे. मलाही आला होता.