बाळबोध मानाजी

धार संस्थानात मानसिंगराव सरदारांच्या धान्यकोठारावर मानाजी पहाऱ्याला होता. मिशा अशा की पोरं वाट सोडून पळत, आणि माणूस इतका गरीब की मांजरानंही डोळे वटारावेत. अक्षरशत्रू मात्र पक्का. कोणी चिठ्ठी पुढं केली की ती गंभीरपणे न्याहाळायची आणि "जा" म्हणायचं, एवढीच त्याची विद्या. एकोणीसशे सात-आठच्या सुमारास कोणीतरी खोट्या चिठ्ठीवर ज्वारीची गाडी भरून नेली. नव्या कारभाऱ्यानं हुकूम काढला: दसऱ्यापर्यंत ज्याला चिठ्ठी वाचता येणार नाही, त्यानं पहारा सोडावा. तोवर चिठ्ठ्या कचेरीतच तपासायच्या.

पहारा गेला की कोठारामागची खोलीही जाणार. बायको सीताबाई दम्यानं अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून न्यायचं कुठं?

आमच्या आळीतले उमाशंकर तात्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करीत. मानाजी त्यांच्याकडे गेला.

"तात्या, या उमरीत जमंल? बुढे तोते कहीं पढतात का?"

"अरे भिया, तलवार धरलीस ना? मग लेखणी काय जड आहे?"

तात्यांनी पोरांच्या पुस्तकातलं कमळ नि गलबत बाजूला ठेवलं. जाहिरातींचे मोठे खिळे काढून जाड कागदावर 'घोडा', 'दाणा', 'कुलूप', 'पहारा' असे शब्द छापले. थोराला त्याच्या रोजच्या कामातल्या शब्दांवरूनच वाचायला शिकवावं, असं त्यांचं मत. ते मत मी आजही खोडून काढणार नाही.

उन्हाळाभर मानाजी मारुतीच्या ओट्यावर घाम गाळत बसला. 'घ' आणि 'ध' यांच्याशी त्याचं हाडवैर. घोड्याचा 'धोडा' झाला की आम्ही टवाळ लोक पोट धरून हसायचो. पण पावसाळा सरता सरता तो सीताबाईच्या उशाशी बसून छापील कहाणी वाचू लागला. दर शब्दाला ठेच.

"अहो," ती धापा टाकत म्हणायची, "राजाच्या दारातून आत शिरायलाच तुम्हाला सांज झाली!"

आणि दोघंही हसायची. त्या खोलीतून हसू ऐकू आल्याला वर्षं लोटली होती.

दसरा तोंडावर आला तसं कचेरीतून बोलावणं आलं. तात्या सोबत गेले, मीही गेलो. गोपाळराव कारकुनानं चिठ्ठी पुढं केली. मानाजीनं ती घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. कागदावर शेवया सांडल्यासारखं काहीतरी होतं. त्यातलं एकही अक्षर त्याच्या ओळखीचं नव्हतं.

चिठ्ठी मोडीत होती.

कचेरीचं सगळं लिखाण मोडीत चाले, छापील तेवढं बाळबोध, म्हणजे देवनागरी. तात्यांच्या छापखान्यात मोडीचे खिळेच नव्हते. हाताशी होतं ते त्यांनी शिकवलं. मानाजीनं जन्मभर चिठ्ठ्या पाहिल्या, पण तेव्हा त्याला सगळी अक्षरं सारखीच. कोठारावर कोणतं अक्षर येतं, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. मला आजही राग येतो, आणि तो कोणावर काढावा तेच कळत नाही.

"गोपाळराव, संक्रांतीपर्यंत सवड द्या," तात्यांनी हात जोडले. "पाया झालाय. मोडी मी शिकवतो याला."

"तात्या, ही कचेरी आहे, पंतोजींची शाळा नाही. बाळबोध बाळांसाठी असते. मिशीवाल्याचं तिथं काय काम?"

"साब, छापलेलं कायबी द्या," मानाजी म्हणाला. "वाचून दाखवतो. सारंच वाचतो. तिचा श्वास पुरत नाही, साब. तिला घेऊन कुठं जाऊ?"

छापलेलं कोणी काही दिलं नाही. पहारा सोडल्याचा कागद तेवढा पुढं आला. लिहिता न येणाऱ्या मराठ्यानं सहीच्या जागी कट्यारीचं चित्र काढायचं, अशी जुनी रीत. गोपाळरावांनी कागदावर बोट ठेवलं, "इथं कट्यार काढ."

मानाजीनं बोरू घेतला. जीभ दातांत धरून, घामेजल्या हातानं त्यानं आपलं नाव लिहिलं. काना नि वेलांटी जिथल्या तिथं. गोपाळरावांनी त्याकडे नजर टाकली आणि दप्तराच्या शिरस्त्याप्रमाणे शेजारी मोडीत लिहिलं: 'निशाणी कट्यार'.

"तात्या, काय लिवलं त्यांनी?" मानाजीनं हळूच विचारलं.

तात्यांना मोडी वाचता येत होती.

"तुझं नाव," ते म्हणाले.