अक्का उठेपर्यंत

माझ्या मावसभावाइतका खणखणीत आवाजाचा माणूस अख्ख्या बंगळुरात नव्हता, आणि शहरातली सगळ्यात मुकी कंपनी काढली तीही त्यानेच. जेवताना त्याने मीठ मागितलं, तर ते शेजारच्या घरातून यायचं. अशा माणसाला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सॉफ्टवेअरच्या धंद्यासाठी जागा मिळाली, ती चामराजपेटेत एका एकट्या म्हाताऱ्या अक्कांच्या पुढच्या खोलीत. अक्कांची अट एकच, दुपारची झोपमोड नको. यानेही पहिल्याच दिवशी आपल्या माणसांना बजावलं, "जेवणं झाली की अक्का उठेपर्यंत आवाज बंद." स्वतः तर तो शिंक आली तरी रस्त्यावर पळत जाई. मग आतून कॉफीची भांडी वाजली, की सगळे एकदम बोलायला लागत.

एका दुपारी भांडी वाजलीच नाहीत. सगळे अंधार पडेपर्यंत कुजबुजत काम करत राहिले. अक्का झोपेतच गेल्या होत्या.

पुढे कंपनी वाढली, हेब्बाळला काचेच्या इमारतीत गेली. नियमही बरोबर गेला. जेवणानंतर माणसं चपला हातात घेऊन फिरत, फोन उशीत तोंड खुपसल्यासारखे घेत, आणि ही शांतता घरी जाईपर्यंत संपत नसे, कारण उठणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईकं बिचकून तुटू लागली. शेवटी एकच मोठं परदेशी गिऱ्हाईक उरलं. ते गेलं तर कंपनी बुडणार होती, आणि ते नेमकं दुपारी आलं. मला भावाने धीराला बोलावून घेतलं होतं.

एक मुलगी पाहुण्यांना प्रोग्रॅम समजावत होती, तोही कुजबुजत. थोड्या वेळाने पाहुणेही कुजबुजू लागले. हा ताडकन उठून गरजला, "अगं, मोठ्याने बोल! अक्का नाहीत आता!"

कुणी मान वर केली नाही. नुकत्याच लागलेल्या, चामराजपेटेचं ते घर कधीही न पाहिलेल्या त्या मुलीने ओठांवर बोट ठेवलं. "अण्णा, स्वल्प हळू. आत्ताच कूस बदलली त्यांनी."

पाहुणे चवड्यांवर चालत गेले, ते पुन्हा आले नाहीत.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीत गेलो. टेबलावर अक्कांची कॉफीची भांडी होती, पुसून लख्ख ठेवलेली. मी चिडून म्हटलं, "नियम तूच केलास ना? मग वाजव ती भांडी आणि उठव सगळ्यांना."

त्याचे डोळे भरले. "वाजवली आणि त्या उठल्या नाहीत, तर मग त्या गेल्या असंच म्हणावं लागेल रे," तो म्हणाला. ते ऐकायला मला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.