काविळीची माळ देणाऱ्या बाई

अगं, जवळ बस अशी. फोनवर किती दिवस भागवशील? आमच्या मांजरी गावातल्या शेजारणीचं सांगायचं राहिलंय. कावीळ उतरावी म्हणून गळ्यात घालायची माळ देतात त्या, फुकट. दारात कुणी आलं की नाव-गाव नाही, "उजेडात ये, डोळं दाव" एवढंच. बोलताना कानातलं फिरवायची सवय.

यंदा त्यांचेच डोळे पिवळे झाले. स्वतःचीच माळ घालून बसल्या. उजव्या बरगडीखाली कळा यायच्या, शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं. लाजेनं बोलल्याच नाहीत. चक्कर येऊन पडल्या तेव्हा दवाखान्यात कळलं, पित्ताशयातल्या खड्यानं पित्ताची नळी कुरतडली होती. तिथलं रक्त आतड्यात उतरत होतं. थोडक्यात वाचल्या.

परवा एक माणूस माळ मागायला आला. त्याचे डोळे पाहून बाईंनी विचारलं, "पोट दुखतंय? परसाकडं काळं होतंय?" तो खाली बघायला लागला.

"मी बी अशीच लाजले, मरता मरता ऱ्हायले. आधी दवाखाना गाठ, माळ मग."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो, मग माळ ठेवलीत कशाला अजून?"

"माळ नसली तर दारात येईल कोण? अन् दवाखान्यात धाडू कुणाला?"

मला काही हे पटलेलं नाही. तू ये गं पुन्हा लवकर, त्यांच्याकडे जाऊ.