किल्ली बॉक्सर बाईंच्या हातात

उभा जन्म मी ट्रक चालवला. घाटात, धुक्यात, ब्रेक दगा देत असताना. अशा माणसाच्या सायकलची किल्ली नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये त्याच्या सुनेने काढून घेतली. का, तर मी सायकलीसकट एका बागेच्या कुंपणात शिरलो. मी म्हटलं, कुंपणच पुढे आलं होतं. सून म्हणाली, "बाबा, कुंपणं चालत नाहीत. तुमचे पाय अडतात."

मला कंपवात आहे. हात थरथरतो आणि पाय मधेच जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पण कबूल कोण करतो? हात थरथरला की थंडी वाजतेय म्हणायचो. जुलैतसुद्धा.

इथे सायकल म्हणजे माणसाची चप्पल. ती नसली की मुलाने गाडीतून न्यावं, नाहीतर आपण खिडकीत बसावं. मी किल्लीसाठी हट्टच धरला. शेवटी सुनेने अट घातली. जवळच्या हॉलमध्ये कंपवाताच्या लोकांना बॉक्सिंग शिकवतात. तिथल्या बाई हो म्हणाल्या, तर किल्ली मिळेल.

"बाई? आणि बॉक्सिंग?" मी हसलो.

"आयर्लंडच्या आहेत. तिकडे बायकांना रिंगमध्ये येऊ देत नव्हते, तेव्हापासून खेळल्यात."

मी लगेच तयार झालो. तरुणपणी एक पावसाळा तालमीत गेलो होतो, आणि तेवढ्या भांडवलावर आयुष्यभर पैलवान म्हणून मिरवलो होतो. बाई निघाल्या ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, नाक जरा एका अंगाला झुकलेलं. हातात उशीसारखे पॅड, त्यावर ठोसा मारायचा. मी कसला ठोसा मारतोय, सरळ त्यांच्या मानेवर हात टाकून डाव लावायला गेलो. बाई एक पाऊल बाजूला झाल्या. मी गेलो ते थेट गादीवर. शेजारच्या डच म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. त्याचेही हात माझ्यासारखेच, त्यामुळे टाळ्या थांबेनात.

बाई हसल्या नाहीत. काहीतरी बोलल्या, ते सुनेने मराठीत सांगितलं, "हात चांगले आहेत म्हणतात. पण पाय कुठे ठेवून आलात?"

पुढे जात राहिलो. एकदा कॉफी पिताना मी सुनेला म्हटलं, विचार हिला, एवढं नाक मोडून काय मिळवलं?

बाई सांगू लागल्या. त्यांच्या गावच्या क्लबात मुलींना प्रवेश नव्हता. त्या झाडू मारण्याच्या बोलीवर आत शिरल्या, आणि पोरं घरी गेली की टांगलेल्या पोत्यावर ठोसे मारायच्या. देशात लढायचा परवाना मिळेना, म्हणून समुद्र ओलांडून लढायला जायच्या. आईला सांगायच्या, मैत्रिणीच्या लग्नाला चालले. लग्नाहून पोरगी सुजलेलं नाक घेऊन परतायची. आई एकदा म्हणाली, "लग्न होतं की दंगल?" पुढे कायदा बदलला. त्यांच्या शहरात बायकांची पहिली लढत झाली ती बाईंचीच. कपडे बदलायला खोली नाही. बादल्या आणि केरसुण्या ठेवायच्या अडगळीतून निघून त्या रिंगमध्ये गेल्या आणि जिंकल्या.

"मग सोडलं कशाला?" मी विचारलं.

"वेळेवर सोडलं नाही, तिथेच चुकलं. पाय मंदावले होते. गुरू म्हणाले थांब, डॉक्टर म्हणाले थांब. मला वाटलं, जन्मभर लोक मला अडवतच आलेत, त्यात हे आणखी दोघं. एक लढत जास्त खेळले. या डाव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो."

हे मराठीत सांगताना सून जरा अडखळली. पॅड धरताना बाई मान वाकडी का करतात, ते मला तेव्हा कळलं. मी आजवर समजत होतो, माझ्या ठोशाला घाबरतात.

मग माझी परीक्षा झाली. बाईंनी मला चालवलं, गर्रकन वळायला लावलं, वळताना मधेच हाक मारली. पाय जागच्या जागी चिकटले. मी म्हटलं, गादी खराब आहे. बाईंनी गादी काढायला लावली. पाय फरशीवरही चिकटले.

"दोन चाकं नाही," बाई म्हणाल्या. "तीन."

मी तडकलो. "तीन चाकी? ती लहान पोरांची! मी घाटात ट्रक चालवलाय!"

"ट्रकला चाकं किती होती, बाबा?" सून म्हणाली.

"सहा."

"मग ही तीन कमीच आहेत की."

बाईंशी भांडावं, तर त्यांनी तो डावा डोळा माझ्यावर रोखला. हट्टात बाई माझ्याहून वरच्या वजनगटातल्या. इथे चितपट व्हायला गादीसुद्धा लागली नाही. मी म्हटलं, "बरं."

मागे टोपली असलेली तीन चाकी आली. पहिल्याच दिवशी बसस्टॉपवर आपली मराठी इंजिनियर पोरं उभी. त्यातला एक ओरडला, "काका, मेथी कशी दिली?"

"संपली," मी म्हटलं, आणि रुबाबात वळलो. वळताना कलायची मला जुनी खोड. तीन चाकी काही कलत नाही, माणूस तेवढा कलतो. टोपी पडली. उतरून उचलावी, तर पाय अडायची भीती. पोरगं धावत आलं, टोपी दिली आणि म्हणालं, "सोडू का घरी, काका?"

"कशाला?" मी म्हटलं. "आता कुठे निघालोय."